एकशे आठ खड्ड्यांचे मैदान

१२ ऑगस्ट १९९६

या वहीची माफी मागायला हवी. शेवटची नोंद चार मार्चची आहे आणि तीही "उद्या सविस्तर" म्हणून अर्धी सोडलेली. मधल्या पाच महिन्यांत लिहिण्यासारखे काही घडले नाही, असे मी मालतीला सांगितले. ते खरे नाही. एप्रिलमध्ये कॉलेजात कार्यभाराचा तक्ता लागला. त्यात तर्कशास्त्रापुढे विद्यार्थीसंख्या चार अशी नोंद होती आणि शेऱ्याच्या जागी "विचाराधीन". विषय विचाराधीन की मी, हे तक्त्यावरून कळत नव्हते. त्या दिवसांत वहीत फक्त भीतीच उतरली असती, म्हणून लिहिणे टाळले. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाने हे आधीच कबूल करायला हरकत नव्हती.

आज प्रश्न सुटला. प्राचार्यांनी बोलावून सांगितले की शारीरिक शिक्षणाचे सर कारखान्यावर सुरक्षा अधिकारी म्हणून गेले आहेत आणि त्यांची जागा भरायला परवानगी नाही. संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब यांची इच्छा आहे की यंदा कॉलेजचा फुटबॉल संघ व्हावा. ती जबाबदारी मी घेतली तर माझा कार्यभार पुरा दाखवता येईल. मी फुटबॉल कधी खेळलो नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगितले. प्राचार्य म्हणाले, "आप्पासाहेबही खेळलेले नाहीत."

फुटबॉलच का, असे विचारले. आप्पासाहेबांनी म्हणे सगळ्या खेळांची यादी मागवली, प्रत्येकाला किती जागा लागते ते विचारले, आणि कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल सगळे बाजूला ठेवून सव्वा एकर लागणारा खेळ निवडला. कॉलेजच्या मागचा माळ गावाने क्रीडांगणासाठी दिला त्याला अकरा वर्षे झाली. तिथे आजवर कुसळे आणि दगड याशिवाय काही नव्हते. एखाद्या माणसाने एवढा मोठा विचार करावा, याचे मला कौतुक वाटले. येताना एसटीत बारामतीपर्यंत तेच मनात होते.

१६ ऑगस्ट

संघासाठी सोळा नावे आली. फुटबॉल कोण खेळले आहे, असे विचारल्यावर एकही हात वर झाला नाही. पाहिला कोणी आहे, असे विचारल्यावर तिघांनी हात वर केला, टीव्हीवर.

त्यांतला एक सिद्धू. कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला, माझ्या चार विद्यार्थ्यांपैकी एक. निमगाव केतकीच्या अलीकडे त्याची वस्ती आहे. वडील कारखान्याच्या गोदामात, आई सारजाबाई अजून साठ मेंढ्या राखते. घरातल्या बाकीच्यांनी ते काम सोडले. मी नियम वाचून दाखवले तेव्हा त्याने विचारले, "सर, हात लावायचा न्हाय, तर मग हातांचं करायचं काय?"

पुस्तकात उत्तर सापडले नाही. प्रश्न विचारणारा तो एकटाच होता, म्हणून त्याला कर्णधार केले. निवडीची ही पद्धत योग्य होती का, याचा विचार रात्री जेवताना केला. मालती म्हणाली, भाकरी गार होते आहे.

२९ ऑगस्ट

ऑफसाइडचा नियम फळ्यावर तर्कशास्त्रातल्या संविधानाच्या रूपात मांडला. मोठे विधान, लहान विधान, निष्कर्ष. मुलांनी वहीत उतरवून घेतले. गोलरक्षक राम याने तर लाल शाईने अधोरेखित केले. मैदानावर गेल्यावर मात्र सगळे चेंडूमागे एका घोळक्यात पळाले आणि घोळक्यात ऑफसाइड होऊच शकत नाही, हे मला मान्य करावे लागले.

चेंडू एकच आहे. तो कपाटात ठेवतात, कपाटाची किल्ली शिपाई तात्याबांकडे, आणि तात्याबांची सही घेतल्याशिवाय चेंडू बाहेर येत नाही. परत जमा करताना ते चेंडू दाबून बघतात. आज म्हणाले, "हवा कमी झालीया सर. नोंद करू का?"

११ सप्टेंबर

मुलांनी सलग सहा दिवस श्रमदान करून माळावरचे दगड वेचले. आप्पासाहेब स्वतः जीप घेऊन येऊन गेले. हिरवळीसाठी नुसते दगड काढून भागणार नाही, जमिनीत ताकद हवी, म्हणून तीन रात्री मेंढ्या बसवाव्यात अशी त्यांची सूचना. आमच्याकडे ही पद्धत जुनी आहे: कळप रात्रभर रानात बसवायचा, लेंड्या-मुताचे खत होते, आणि मेंढपाळाला बदल्यात धान्य मिळते. सिद्धूच्या आईलाच सांगितले. मी भेटायला गेलो. सारजाबाई वाघूर, म्हणजे कळपाभोवतीची जाळी, लावत होत्या. कशासाठी बसवायच्या ते मी नीट समजावून सांगितले. त्यांनी जाळीची गाठ मारता मारता ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मास्तर, मेंढरं बसवल्यालं रान कुनी खेळाय ठिवत न्हाय."

ग्रामीण भागात खेळाचे महत्त्व अजून पटलेले नाही, असे मला वाटले. मग असे वाटणे हा माझा शहाणपणाचा ताठा तर नाही ना, असेही वाटले. दोन्ही लिहून ठेवतो.

२२ सप्टेंबर

पहिला सामना. बारामतीत, तिथल्या कॉलेजच्या मैदानावर. ०–९.

सामना सुरू होण्याआधी अडचण आली ती जर्सीची. आमच्या जर्सीच्या पाठीवर "मा. आप्पासाहेब यांच्या वाढदिवसानिमित्त सप्रेम भेट" असे तीन ओळींत छापलेले असल्यामुळे क्रमांकाला जागाच उरलेली नाही. दौंडहून आलेले रेफ्री रेल्वेत नोकरीला आहेत, कडक गृहस्थ. क्रमांकाशिवाय खेळू देणार नाही म्हणाले. शेवटी खडूने पोटावर आकडे काढले. पहिल्या दहा मिनिटांत घामाने सगळ्यांचा क्रमांक एकच झाला.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. आमची मुले कबड्डीची. त्यांचा फॉरवर्ड आपल्या अर्ध्या भागात आला की ती त्याला घेरत. एकदा दोघांनी त्याचा पट काढला आणि तिसऱ्याने कमरेला मिठी मारून त्याला मध्यरेषेकडे जाऊ दिले नाही. रेफ्रीने शिट्टी वाजवली तेव्हा तिघे हात वर करून गुण मिळाल्यासारखे नाचले. दोष मुलांचा नाही. हातांचे काय करायचे या प्रश्नाचे उत्तर मी दिलेच नव्हते.

घरी आल्यावर मालतीने सोळाही जर्सींवर जुन्या चादरीचे चौकोन कापून पाठीवर क्रमांक शिवायला घेतले. वाढदिवसाचा मजकूर त्याखाली जाईल, आप्पासाहेबांना वाईट वाटेल, असे मी म्हणालो. ती म्हणाली, "त्यांना पाठ कोण दाखवणार आहे?"

८ ऑक्टोबर

मैदानावर पाइपलाइन आली. संस्थेच्या विहिरीवर नवी मोटर बसली. आणि आज ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी उतरली. हिरवळीसाठी ठिबक वापरतात हे माझ्या वाचनात नव्हते. पण मी पुस्तकातला माणूस. आप्पासाहेबांचा शेतीचा अनुभव मोठा. मातीचा नमुनाही तपासून आणला आहे. "मध्यम खोलीची, उत्तम निचऱ्याची" असा अहवाल आला. पाणी साचणार नाही, म्हणजे पावसातही खेळता येईल. मी विद्यापीठाकडे मैदानाच्या मान्यतेचा अर्ज पाठवून दिला. सोबत त्या अहवालाची प्रत जोडली.

तात्याबांना ठिबक दाखवली तर ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "गवताला थेंब थेंब पानी. नशीब काढलं गवतानं."

२० ऑक्टोबर

दुसरा सामना ०–६, काल. आधीच्यापेक्षा तीन गोल कमी. ही प्रगती म्हणावी का? ज्यांच्याशी खेळलो तो संघच कमजोर होता, हेही नोंदवले पाहिजे. आता मुले हात पाठीमागे बांधून पळतात. दिसायला विचित्र दिसते, पण पट काढणे थांबले.

२४ नोव्हेंबर

दिवाळीनंतरची पहिली नोंद. दौंडला १–४ हरलो. पण एक गोल झाला. सिद्धूने केला. त्याला स्वतःलाच काही क्षण समजले नाही. तो चेंडू जाळ्यातून काढून रेफ्रीला परत द्यायला गेला. परतीच्या गाडीत मुले इतकी ओरडत होती की कंडक्टरने विचारले, कोण जिंकले. राम म्हणाला, "आमी एक जिंकलो, चार हरलो."

त्याहून मोठी बातमी टेबलावर वाट पाहत होती. विद्यापीठाने आमच्या मैदानाला मान्यता दिली. शेवटचा सामना अठरा जानेवारीला, आमच्याकडे. तोच बारामतीचा संघ, नऊ गोलवाला.

मुलांना सांगितले. सिद्धू म्हणाला, "म्हंजी घरचे बघायला येतील." मग म्हणाला, त्याच्या आईला अजून वाटते की तो बारामतीला जाऊन लोकांच्या रानात पळतो आणि हरून येतो. हे तंतोतंत खरे आहे, हे मी बोललो नाही. मी त्यांना शब्द दिला की काही झाले तरी हा एक सामना आपल्या मैदानावर होईल. शब्द देताना तो पाळणे माझ्या हातात आहे का, हे तपासले नाही. हे माझ्या स्वभावाच्या विरुद्ध झाले.

आप्पासाहेबांना आनंदाने बातमी दिली. ते म्हणाले, "अजून संपलं न्हाय व्हय ते?" कामाच्या व्यापात असतात.

१९ डिसेंबर

परीक्षेच्या कामासाठी विद्यापीठाने मला बारा दिवस पुण्याला बोलावले आहे. त्याच काळात कॉलेजचे श्रमसंस्कार शिबिर आहे, विषय वृक्षारोपण. प्राचार्यांच्या पत्रात "मैदानाभोवती खड्डे घेणे" असे आहे. प्रेक्षकांना सावली होईल. मी जाण्यापूर्वी एक दिवस खर्च करून टेप लावून मैदान आखले. बाजूच्या रेषा, मध्यरेषा, दोन्ही गोलचौकटी, सगळी फक्की मारून. झाडे कुठे लावायची नाहीत ते मुलांना स्पष्ट दिसावे हा हेतू.

३ जानेवारी १९९७

पुण्याहून आलो. मैदानाच्या दक्षिणेकडच्या अर्ध्या भागात खड्डे आहेत. भोवती नाहीत. आत आहेत.

मोजले. बारा रांगा, प्रत्येक रांगेत नऊ, एकशे आठ. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, मांडीपर्यंत खोल. दोन खड्ड्यांत बरोबर पाच मीटर अंतर. माझ्या मध्यरेषेचा पाया धरून काटकोनात आखलेले. इतकी शिस्तबद्ध चूक मी आयुष्यात पाहिली नव्हती.

उत्साहाच्या भरात मुले थोडी आत सरकली असावीत, असे मी आधी समजलो. थोडी म्हणजे पंचेचाळीस मीटर.

सिद्धूला विचारले. तो मान खाली घालून म्हणाला, एकेकाला एक रांग दिली होती, सहावी त्याची. दहा दिवसांत सगळ्या मैदानाचे खड्डे व्हायचे होते. "आमी सावकाश खांदलं, सर. अर्ध्यावरच शिबिर संपवलं."

आळस केला याबद्दल मी त्याला रागावलो नाही. रागवायला हवे होते का, हे अजून ठरवता येत नाही.

६ जानेवारी

कृषी सहायक आले होते. मला पाहताच हात जोडले. म्हणाले, एवढी अचूक आखणी केलेला लाभार्थी त्यांनी तालुक्यात बघितला नाही; फक्कीच्या रेषा बघून एका दिवसात मोजणी झाली. फळबाग योजनेत संस्थेचे डाळिंब मंजूर आहे, जमीन पडीक दाखवली आहे, देखभालीचा करार आप्पासाहेबांच्या पुतण्याच्या नावे आहे. उरलेले खड्डे फेब्रुवारीत. रोपे आली की लागवड.

मी खुर्ची मागितली.

नंतर एकेक गोष्ट जुळवत बसलो. सर्वांत मोठी जागा लागणारा खेळ. दगड वेचणे. मेंढ्या. विहीर, पाइपलाइन, ठिबक. मातीचा नमुना. सात विधाने, निष्कर्ष एकच. तर्कशास्त्र शिकवता शिकवता बावीस वर्षे झाली आणि हा निष्कर्ष वाघूर लावणाऱ्या बाईने एकाच विधानावरून काढला होता. मला राग यायला हवा होता. आली ती लाज, आणि तीही स्वतःच्या हुशारीबद्दल, मुलांबद्दल नंतर. हा क्रम उलटा हवा होता.

प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी दार लावून घेतले आणि म्हणाले, सामन्याचे पत्र त्यांच्या लक्षात नव्हते. विद्यापीठाला फोन लावला. दुसरे मैदान देता येणार नाही. यजमानांनी मैदान दिले नाही तर सामना हरल्याची नोंद होईल. प्राचार्य म्हणाले, "मग हरू या. सवय आहे."

मी म्हणालो, सामना होईल. आवाज थोडा चढला होता. बाहेर आल्यावर माफी मागावी असे वाटले, पण आत जायला पुन्हा दार वाजवावे लागले असते.

१८ जानेवारी

आज लवकर लिहितो, नाहीतर तपशील सुटेल.

बारामतीचा संघ अकरा वाजता आला. त्यांचे सर मैदान बघून हसले आणि मग हसायचे थांबले. दौंडचे रेफ्री दोन्ही गोलपोस्टपर्यंत चालत गेले, एका खड्ड्यात उतरून बघितले, वर आले आणि नियमांचे पुस्तक काढले. पुस्तकात खड्ड्यांबद्दल काही नाही. त्यांनी विचार करून सांगितले: मध्यंतरानंतर बाजू बदलतात, म्हणजे प्रत्येक संघाला अर्धा वेळ खड्ड्यांची बाजू राखावी लागेल. अन्याय कोणावरच नाही. चेंडू खड्ड्यात गेला तर ते स्वतः बाहेर काढून टाकतील. पुढे असेही म्हणाले, की ही खेप फुकट गेली तर त्यांना पुन्हा रजा मिळणार नाही.

कोणाचा पाय मोडला तर जबाबदार मी, हे मी दोन्ही संघांना उभे करून सांगितले. बारामतीच्या सरांना म्हणालो, तुम्ही नाही म्हणालात तर मी रागावणार नाही. ते म्हणाले, "सर, ह्यांना नऊ घातलेत. खड्ड्यात पडून पडून किती पडणार?"

लोक दोनशेहून अधिक होते. आप्पासाहेब नव्हते. सारजाबाई कळप घेऊन कुंपणापलीकडे उभ्या होत्या.

पहिल्या अर्ध्यात खड्डे आमच्या बाजूला होते. बारामतीची मुले वेगाने यायची आणि पहिल्या खड्ड्यांपाशी खाली बघत चालू लागायची. आमची मुले खाली बघतच नव्हती. रामने गोल सोडून पुढे येऊन सात वेळा चेंडू उचलला. प्रत्येक वेळी मागे न बघता उलटा पळत जागेवर गेला. शिबिर संपल्यापासून रोज संध्याकाळी तात्याबांनी सहीशिवाय चेंडू दिला होता, असे आता कानावर येते आहे. शिपायाने नियम मोडावा हे बरोबर नाही. चौकशी करणार नाही.

दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलल्या. सामना संपायला दहाएक मिनिटे होती. सिद्धूला मध्यरेषेवर चेंडू मिळाला आणि तो सरळ निघाला. त्यांचे तिघे आडवे आले. एक थबकला, एक वळला, एक खड्ड्यात मांडीपर्यंत गेला आणि तिथूनच बघत राहिला. त्यांचा गोलरक्षक कोन साधायला दोन पावले मागे सरला आणि मागच्या खड्ड्यात गुडघ्यांवर बसल्यासारखा खाली गेला. चेंडू त्याच्या बाजूने, फार जोरात नाही, आत गेला. १–०. तोच शेवटपर्यंत टिकला.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. मालतीने विचारल्यावर सांगता आले नाही. घसा बसला आहे. त्यांच्या गोलरक्षकाचा घोटा मुरगळला होता, त्याला माझा रुमाल बांधला. सूज नाही.

सिद्धूला विचारले, खाली न बघता कसा पळालास. "माझी रांग हाय, सर. म्या खांदलेली."

सारजाबाई कुंपणाजवळ आल्या होत्या. मी म्हणालो, बघितलेत ना, तुमच्या मुलाने गोल केला. त्या म्हणाल्या, "बघितलं. पोरं चांगली पळत्यात. पर मास्तर, एवढं चांगलं रान, त्यात एवढी ढेकळं कशापायी काढली?"

२० जानेवारी

सामन्याचा अहवाल यजमान कॉलेजने सात दिवसांत भरून पाठवायचा असतो. रेफ्रीने गोल लिहून सही केली आहे. बारामतीच्या सरांनी तक्रार केली नाही. तक्रार केली तर सामना पुन्हा होईल आणि पुन्हा इथे यावे लागेल, असे ते म्हणाले. राहिला तो रकाना नऊ: "मैदान खेळण्यास योग्य आहे काय? होय / नाही." तो संघप्रमुखाने, म्हणजे मी, भरायचा.

"नाही" लिहिले तर सामना रद्द आणि मैदानाची मान्यताही. मग ती जमीन कोणाच्याच कागदावर मैदान राहत नाही. "होय" लिहिले तर विद्यापीठाच्या दप्तरात ते चालू मैदान आहे, आणि चालू मैदान पडीक म्हणून दाखवता येत नाही. एका रकान्यावर एवढे ओझे बघून मी दोनदा चष्मा पुसला.

दुपारी आप्पासाहेबांनी बोलावले. प्राचार्यही होते. चहा आला. आप्पासाहेबांनी संघाचे अभिनंदन केले, सत्काराची तारीख विचारली. मग म्हणाले, "सर, तुमी तर्काचे मास्तर. मला अडाण्याला एवढंच सांगा. खड्डे हायेत का न्हाईत?"

"आहेत."

"मग खरं हाय ते लिवा. आमी तुमाला खोटं लिवाय सांगनार न्हाय."

एवढेच बोलले. धमकी दिली नाही. प्राचार्यांनी मात्र माझ्यासमोर कार्यभाराची फाइल उघडली, पंख्याचा वारा लागून पाने उडाली, आणि ती सारखी करून त्यांनी फाइल मिटली.

मला सर्वांत जास्त त्रास याचा झाला की आप्पासाहेब बरोबर होते. शनिवारी सामना झाला म्हणून मैदान योग्य, असे मालती म्हणते. तिच्या म्हणण्यात प्रेम आहे, पण निष्कर्ष वैध नाही. एक मुलगा मांडीपर्यंत खड्ड्यात गेला होता. मी "होय" लिहिले तर ते खोटे. खोटे लिहून मुलांचा विजय राखणे मला जमणार नाही, आणि खरे लिहून तो काढून घेणेही जमणार नाही. बावीस वर्षांत कोणत्याही अर्जावर मी चुकीची माहिती लिहिलेली नाही. ही एकच गोष्ट माझ्याकडे होती आणि त्यांनी नेमकी तिलाच हात घातला.

२१ जानेवारी

रात्री झोप लागली. हे विशेष आहे, म्हणून लिहितो.

सकाळी अहवालाचा नमुना पुन्हा वाचला. खाली दिनांकाची जागा आहे. उत्तर त्या दिनांकाला खरे असले पाहिजे. विजयाची नोंद रेफ्रीच्या सहीने आधीच झालेली आहे. मुदत पंचवीस तारखेपर्यंत. म्हणजे रकाना नऊ आज भरण्याची सक्ती नाही. आज मैदान योग्य नाही, हे मान्य. पंचवीस तारखेला नसेलच, असे कोणी म्हटलेले नाही.

चार दिवस, एकशे आठ खड्डे. दिवसाला सत्तावीस. माती खड्ड्यांच्या कडेलाच पडलेली आहे. एका खड्ड्याला मला किती वेळ लागेल याचा अनुभव नाही.

प्राचार्यांना लेखी कळवले: "रकाना क्रमांक नऊचे उत्तर वस्तुस्थितीला धरून देता यावे यासाठी वस्तुस्थितीत आवश्यक ती दुरुस्ती करीत आहे. आपल्या पत्रात खड्डे मैदानाभोवती घेण्याचा आदेश होता. आतले खड्डे त्या आदेशात बसत नाहीत." प्रत आप्पासाहेबांना. प्राचार्यांनी वाचले, पुन्हा वाचले, आणि विचारले, तर्कशास्त्राला पुढच्या वर्षी मुले येतील असे वाटते का. मी म्हणालो, सांगता येत नाही. ते अगदी खरे आहे.

मालतीला सगळे सांगितले. नोकरीचेही. तिने माळ्यावरून माझे जुने बूट काढून उन्हात ठेवले.

मुलांना यातले काही कळवायचे नाही असे ठरवले आहे. त्यांच्यावर दडपण येईल आणि शिक्षकाच्या वादात विद्यार्थ्यांना ओढणे योग्य नाही. तात्याबांकडे एक फावडे मागितले. त्यांनी कोठीतली सगळीच बाहेर काढून भिंतीला टेकवून ठेवली. मोजून घ्यायची म्हणाले. संध्याकाळी स्टँडवर सिद्धू आणि राम भेटले. उद्या कितव्या गाडीने येणार, असे सिद्धूने विचारले. सहजच विचारले असावे.

अहवाल टेबलावर आहे. रकाना नऊ कोरा ठेवला आहे.

उद्या: सहाच्या गाडीने जाऊन गोलपोस्टजवळचा पहिला खड्डा बुजवणे.